वाढत्या अंगाचे बूट

"स्वतंत्र देशाच्या नागरिकाचा पहिला हक्क कुठला असेल, तर तो आपल्या मापाच्या बुटात उभं राहण्याचा," असं श्रीनिवासराव खांबेटे यांनी रविवारी सकाळी जाहीर केलं.

वाक्य चांगलं होतं. पण ते उच्चारताना त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत मुलीच्या शाळेच्या बुटात गेलेला होता आणि आतला कापसाचा बोळा काही केल्या बाहेर येत नव्हता, त्यामुळे घरातल्या इतर नागरिकांवर त्याचा व्हावा तितका परिणाम झाला नाही. सुहासिनीबाई पोहे परतत राहिल्या. कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या मथुआत्यांनी मान वर न करता सांगितलं, "बोळा टाकू नकोस हो. वातीचा कापूस आहे तो."

खांबेटे मंडळींमध्ये एखादी वस्तू आज कशी बसते हे बघायची रीत नव्हती. ती पुढे कशी बसेल हे बघायचं. फ्रॉक पोटऱ्या झाकणारा, स्वेटर बोटांची टोकं झाकणारा, आणि बूट तर उघड उघड पुढच्या इयत्तेचा. याला वाढत्या अंगाचं घेणं म्हणत. बुटाच्या मागच्या बाजूने मथुआत्या आपली दोन बोटं आत घालून बघायच्या. दोन्ही सुखाने आत गेली तर बूट पास. पुढच्या पोकळीत कापूस. पाय वाढेल तसा कापूस कमी करत जायचा, आणि एक दिवस पायाची आणि बुटाची गाठ पडायची. साधारण त्याच आठवड्यात तळ सुटायचा. त्यामुळे या घरात मापाचा बूट कोणी घातलाच नव्हता असं म्हणता येणार नाही. घातला होता, पण फाटका.

ही व्यवस्था पिढ्यान् पिढ्या सुरळीत चालली होती. ती बिघडली आदल्या दिवशी, शनिवारी, शाळेच्या मैदानावर.

साल अठ्ठ्याहत्तर. गुरुवारी सव्वीस जानेवारी येत होती आणि नारायण पेठेतल्या त्या शाळेत संचलनाची तालीम चालू होती. सगळ्यांच्या पुढे झेंडा घेऊन चालायला तिसरीतली उल्का खांबेटे निवडली गेली होती. खांबेट्यांपैकी कोणी कशात सगळ्यांच्या पुढे असल्याची ही पहिलीच वेळ, म्हणून घरात जरा दबून आनंद होता. कवायतीच्या श्यामलाबाईंनी शिटी फुंकली, उल्काने ठरल्याप्रमाणे गुडघा वर उचलला, आणि उजवा बूट पायातून सुटून मुख्याध्यापिकाबाईंच्या खुर्चीपुढे जाऊन पडला. कापसाचा बोळा मागाहून, स्वतंत्रपणे आला. डाव्या बुटाची काही तक्रार नव्हती. डाव्या पायाने अपेक्षेप्रमाणे प्रगती केली होती. उजवा जरा मागे राहिला होता. श्यामलाबाई ओरडल्या नाहीत. बूट पायात राहणार असेल तर झेंडा हातात राहील, नाहीतर तो दुसऱ्या रांगेतल्या मुलीकडे जाईल, एवढंच त्यांनी सांगितलं.

उल्का रडली नाही. रडली असती तर श्रीनिवासरावांना सोपं गेलं असतं; रडणाऱ्या मुलीला लिमलेटची गोळी देता येते. ती घरी आली, पायाची बोटं आवळून बूट धरून ठेवण्याचा सराव करत राहिली, आणि रात्री पोटऱ्यांत गोळे आले तेव्हा कुठे तिने कारण सांगितलं. आता रविवारी सकाळी ती केरसुणी उभी धरून अनवाणी खोलीत येरझारा घालत होती. केरसुणी उभी धरू नये, असं आत्यांनी दोनदा सांगून झालं होतं. श्रीनिवासरावांना ते बघवेना. नागरिकाच्या हक्काचं ते वाक्य त्यातूनच आलं होतं.

पोहे झाल्यावर त्यांनी आपले तपकिरी बूट चढवले. ते त्यांच्या लग्नात तीर्थरूपांनी स्वतः पसंत करून घेतले होते आणि अजून टिकून होते. सायकल पंक्चर होती. बापलेक चालत निघाले. दारातून आत्यांनी बजावलं, "वाढतं अंग आहे, विसरू नकोस." सुहासिनीबाई एवढंच म्हणाल्या, "अहो, आज रिकाम्या हाताने येऊ नका. ती काही बोलायची नाही, पण येऊ नका."

लक्ष्मी रोडवरच्या पहिल्या दुकानात मालक गल्ल्यावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. काळे बूट हवेत, असं श्रीनिवासरावांनी सांगितलं.

"माप?"

"मुलगी बरोबर आहे."

"मुलगी दिसतेय. माप विचारलं."

उल्काचा पाय लाकडी फळीवर ठेवून माप झालं आणि मालकांनी बूट काढून दिला. उल्काचा पाय त्यात विहिरीत पोहरा जावा तसा गेला. मापाप्रमाणे द्या, असं श्रीनिवासराव म्हणाले, तेव्हा मालकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. हा मापाप्रमाणेच आहे, माप अधिक दोन. लोक तसंच नेतात. बरं, अधिक एक देतो. श्रीनिवासरावांनी नुसतं माप मागितलं.

"नुसतं माप घेऊन जातात, आणि दिवाळीला भांडायला येतात," मालक म्हणाले. "आम्ही ठेवतच नाही."

दुसऱ्या दुकानात नुसत्या मापाचे बूट होते, पण पांढरे. तिसऱ्यात काळे होते, पण मुलग्यांचे, आणि ते पाहून उल्काने पहिल्यांदाच मान हलवून नको म्हटलं. चौथ्या दुकानातल्या गृहस्थांनी तिचे दोन्ही पाय मोजले, पुन्हा मोजले, आणि बूट बरोबर आहे, उजवा पाय चुकीचा आहे, असा निकाल दिला. पाय बदलून मिळण्याची सोय कुठे आहे, असं श्रीनिवासरावांनी विचारलं. ते आमच्याकडे नाही, असं उत्तर आलं. पुढचं दुकान दुपारच्या विश्रांतीसाठी बंद होत होतं. मालकांनी कुलपात किल्ली फिरवता फिरवता उल्काच्या पायाकडे एक नजर टाकली आणि नाही म्हणून सांगितलं. तेवढी तसदी घेतल्याबद्दल श्रीनिवासरावांनी त्यांचे आभार मानले.

प्रत्येक दुकानात उल्का बाकावर बसायची, जुना बूट काढायची, मोज्याला अंगठ्याशी पडलेलं भोक दुसऱ्या पायाने झाकायची, नवा बूट घालायची, चार पावलं चालून दाखवायची आणि परत जुना बूट घालायची. शेवटी शेवटी कोणी न सांगताच ती हे सगळं करू लागली, दवाखान्यात जीभ दाखवावी तसं. दमलीस का, असं विचारलं तर नाही म्हणायची. श्रीनिवासराव मात्र दमले होते. बोटं आवळून चालायची त्यांची जुनी सवय होती, आणि लांबच्या चालण्यात ती पोटऱ्यांना भोवते. एका उसाच्या गुऱ्हाळाशी दोघं टेकले. एक ग्लास उल्काने घेतला, आणि रसाने आपल्याला खोकला होतो, असं श्रीनिवासरावांना ऐन वेळी आठवलं.

ते पाटबंधारे खात्यात कारकून होते. शेजारच्या टेबलावरच्या मेहबूब शेखांनी कधीतरी सांगितलं होतं, की भवानी पेठेत आमच्या मैनुद्दीनमामूंचं चपलाबुटांचं दुकान आहे, कुठे नाही मिळालं तर तिथे जा. कुठे नाही मिळालं, ही अट आता पुरी झाली होती. लक्ष्मी रोड संपला, नाना पेठ मागे पडली. ऊन टाळूवर आलं होतं आणि उल्का सावलीसावलीने, पण अजून डावा-उजवा धरून चालत होती.

मैनुद्दीन जेवून नुकतेच बसले होते आणि त्यांना गिऱ्हाईक नको होतं हे लपवण्याचा त्यांनी प्रयत्न केला नाही. शेजारी त्यांच्या पत्नी हमीदाबी सुपारी कातरत होत्या. मेहबूबचं नाव ऐकल्यावर मैनुद्दीन उठले, गुडघ्यावर हात टेकून पुन्हा खाली बसले, आणि पाय बघून म्हणाले, "वाढत्या अंगाचा देऊ ना?"

"नको. आज बसेल असा."

मैनुद्दीननी श्रीनिवासरावांकडे पाहिलं. मग बायकोकडे. हमीदाबी म्हणाल्या, "अहो, तो जोड दाखवा ना, वरचा."

वरचा जोड सगळ्यात वरच्या फळीवर, मागे होता. खोक्यावरची धूळ मैनुद्दीननी सदऱ्याच्या बाहीने पुसली. चांगल्या कातड्याचे काळे बूट, बारीक पट्टा, लहानसं बक्कल. इतका चांगला जोड अजून इथे कसा, असं श्रीनिवासरावांच्या मनात आलं, आणि ते मैनुद्दीनना दिसलं असावं.

"ज्या पोरीला होतो, तिची आई म्हणते लहान आहे," ते म्हणाले. "ज्या पोरीला मोठा होतो, तिची आई म्हणते मोठाच हवा, पण याहून मोठा. दोन ईद गेल्या, दोन दिवाळ्या गेल्या. याला कोणी नेत नाही."

डावा बूट पायात गेला आणि हलका फुस्स असा आवाज झाला. खांबेट्यांच्या घरात हा आवाज कोणी ऐकलेला नव्हता. उजव्यात मैनुद्दीननी एक पातळ सुकतळा सरकवला आणि बक्कल एक भोक आत घेतलं. उल्का उठली. दुकानाच्या दारापर्यंत गेली, वळली, परत आली. मग तिने गुडघा उचलला, शनिवारी उचलला होता तितकाच, आणि जोरात झटकला. बूट पायातच राहिला. तिने दुसऱ्यांदा झटकला. हमीदाबींनी अडकित्ता खाली ठेवला. उल्काच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण आवळलेली बोटं तिने बुटाच्या आत सैल केली असावीत, कारण ती थोडी बुटकी झाल्यासारखी वाटली.

आणि त्या क्षणी श्रीनिवासरावांचं तोंड उघडलं. त्यांना बोलायचं नव्हतं. बोलले ते त्यांचे वडील, आजोबा आणि मथुआत्या.

"छान आहे," ते म्हणाले. "यातलाच एक नंबर मोठा आहे का हो?"

मैनुद्दीननी हात गुडघ्यावर टेकले. हमीदाबींनी अडकित्ता पुन्हा उचलला. हे त्यांनी बऱ्याच वेळा पाहिलं होतं. उल्का बाकावर बसली आणि, सकाळपासूनच्या सवयीने, बक्कल सोडायला वाकली. मग अर्ध्यात थांबून तिने विचारलं,

"बाबा, गुरुवारपर्यंत मी किती वाढेन?"

तक्रार नव्हती त्यात. तिला खरंच माहिती हवी होती; झेंड्याचा प्रश्न होता. श्रीनिवासरावांनी विचार केला. सोमवार, मंगळवार, बुधवार. मुलगी जेवायला बेताची.

"फार नाही," ते म्हणाले. "काढू नकोस. पायातच असू दे."

जुने बूट खोक्यात घालून ते घरी पोचले तेव्हा मथुआत्यांनी दारातच उल्काला थांबवलं आणि मागून बोट घालून पाहिलं. एकही आत गेलं नाही. करंगळीही गेली नाही.

"लहान झालाय," आत्या म्हणाल्या.

"आत्या, आजच घेतलाय."

"आणि आजच लहान झालाय. तुझे वडील असते म्हणजे." ते असते म्हणजे काय झालं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही. सुहासिनीबाई पदराला हात पुसत आल्या, बुटांकडे बघत राहिल्या, आणि नवऱ्याला न मागता चहा मिळाला.

गुरुवारी मैदानावर कडाक्याची थंडी होती. पालक कुंपणाशी उभे होते. श्यामलाबाईंची शिटी झाली आणि अख्खी शाळा निघाली. श्रीनिवासरावांना आधी ऐकू आलं ते मागच्या रांगांचं. शेकडो बूट जमिनीवर पडत होते आणि प्रत्येक बूट पडल्यावर क्षणभर उशिरा त्याची टाच पडत होती: धप-फटक, धप-फटक. सगळ्या पेठांचा कापूस त्या बुटांत कोंबलेला होता. सदाशिव पेठ फरपटत होती, शनिवार पेठेने एकदा थांबून पट्टा ओढला. आणि या सगळ्यांच्या पुढे, दोनच पाय, खट, खट, खट, जमिनीवर नेमके पडत झेंडा नेत होते. वळणावर तिने गुडघा उचलला. श्रीनिवासरावांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती वळून पुढे गेली होती आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या खुर्चीपुढे काहीही पडलेलं नव्हतं.

पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, की ही पिढी भक्कम पावलं टाकत पुढे निघाली आहे. ते एका मुलीबद्दल खरं होतं.

घरी आल्यावर उल्काने बूट काढून दाराशी शेजारी शेजारी ठेवले आणि ती पोहे खायला बसली. श्रीनिवासराव उंबऱ्याशी उभे राहिले. काहीतरी बोलावं असं त्यांना फार वाटत होतं. या घरात आता उद्याची वाट बघत कोणी पाय आवळून चालणार नाही, पुढच्या वर्षी पुन्हा घेऊ, मापाचाच घेऊ, असं ते म्हणाले. आत्यांनी वात वळणं थांबवलं. सुहासिनीबाईंनी डोळ्यांना पदर लावला, कदाचित फोडणीमुळे.

मग श्रीनिवासराव खाली बसले. लग्नात पाय अजून भरेल म्हणून तीर्थरूपांनी घेतलेले तपकिरी बूट त्यांनी काढले, आणि टाचेवर आलेला फोड बघितला.

"उल्के," ते हळूच म्हणाले, "तुझ्या जुन्या बुटातला तो बोळा टाकला नसशील, तर जरा दे बघू इकडे."