बंबवाल्यांची भिंत

गादी कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे दादा म्हणत, लोखंडी पहारीनं मागची भिंत बडवत होते. भिंतीला भिंत लागून बंबवाल्यांचं केंद्र. कारखान्यात ठिणगी पडली की फोन करत बसायचं नाही, भिंत वाजवायची, ही वडिलांपासूनची रीत. दुसऱ्या ठोक्याला पलीकडून शिडी निघायची.

आज जिना पेटला होता आणि वर कापसाच्या माळ्यावर दादांचा धाकटा भाऊ अडकला होता. खिडकीतून धुराचे लोट येत होते.

"दादा, भिंत वाजव," तो खोकत ओरडला.

"वाजवतोय रे."

पलीकडे चिटपाखरू हलेना. आणि एकदम दादांना आठवलं. केंद्राला गेल्याच महिन्यात कुलूप लागलं होतं. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? करकपातीसाठी कारखानदारांना घेऊन कचेरीचे उंबरठे झिजवणारे तेच. कर घटला. खोटं कशाला बोला, दादांनी नवं यंत्र आणलं, माणसंही कामाला घेतली. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सरकारनं खर्चाला कात्री लावली, ती या केंद्रावर चालली. "एवढी केंद्रं हवीत कशाला?" असं तेव्हा दादाच म्हणाले होते.

त्यांनी आता फोन लावला. बंब नदीपलीकडून निघणार होता आणि मध्ये तो अरुंद पूल.

"भिंत सोडा, गाद्या ओढा," शिवणाऱ्या बायकांची मुकादमीण कडाडली. मालकावर कडाडायची तिची ही पहिलीच वेळ. तयार गाद्यांचा ढीग खिडकीखाली रचला. धाकट्यानं डोळे मिटून उडी टाकली. पाय मोडला, जीव वाचला.

बंब आला तेव्हा छप्पर बसलं होतं. बंबवाल्यांचा म्होरक्या भिंतीपलीकडच्या बंद केंद्रातलाच जुना माणूस. त्यानं जमिनीवर पडलेली पहार पाहिली.

"भिंत वाजवलीत?"

दादांनी मान हलवली.

"आम्ही ऐकली असती," एवढंच म्हणून तो पाण्याचा पाइप उलगडायला वळला.

धाकट्यानं दादांचा हात घट्ट धरला होता. "किती उशीर लावला रे त्यांनी," तो कण्हत म्हणाला.

दादांचे डोळे भरून आले.

"त्यांनी नाही," ते म्हणाले. "मी लावला."