तिसरं पीस

"मेली एकेका वायरीचं तोंड वेगळं! याच्यात ती शिरत नाही, तिच्यात हा बसत नाही. घरातल्या माणसांसारखं झालंय हे."

टेबलाखाली उकिडवा बसून दुरुस्तीवाला पुटपुटत होता. सगळे त्याला स्क्रूभाऊ म्हणत. भरतकामाचं मशीन जुनं, त्याची वायर रुंद तोंडाची. हल्लीच्या कॉम्प्युटरला तसली जागाच नसते, म्हणून मध्ये जोडायला त्याने एक डबी आणली होती.

मोठी जाऊ खुर्चीत ताठ बसली होती. पडद्यावरचं चित्र माउसने गिरवायचं की मशीन ते कापडावर भरतं; हे काम ती कुणी न शिकवता शिकली, आणि तिच्या हातावर दोन्ही संसार उभे राहिले. धाकटी धागे ओवायची, फ्रेममध्ये कापड ताणून द्यायची. पण शाळेचे दोनशे बिल्ले दोनदा परत आले होते. बिल्ल्यावर पाखरू, त्याच्या डाव्या पंखाला तीन पिसं. तिसरं दर वेळी अर्धंच उतरायचं. उद्या सकाळी बिल्ले नीट गेले नाहीत तर शाळा दुसरीकडे जाणार होती.

दोष वायरीत निघू दे, प्रोसेसरमध्ये निघू दे, धाकटी मनात घोकत होती, पण कॉम्प्युटरमध्येच निघू दे. कारण मोठीच्या डाव्या हाताशी ठेवलेला चहा हल्ली तसाच गार व्हायचा. डावा खांदा दाराला आपटला की ती दारालाच शिव्या द्यायची, आणि घरातले सगळे मान डोलवून म्हणायचे, "दार अरुंदच आहे."

डबी जोडून झाली. मोठीने माउसने पाखरू नव्याने काढलं, मशीन टकटकलं. पीस अर्धंच.

"मग कॉम्प्युटरच बदलून बघू," म्हणत स्क्रूभाऊने बरोबर आणलेले दोन कॉम्प्युटर टेबलावर मांडले. "हा स्वस्तातला प्रोसेसर, दोन कोअरचा. दोन हातांचा माणूस समजा. तो चार हातांचा, महागातला. खरं सांगू वहिनी? एका पाखराला दोन हात रग्गड झाले."

"महागातलाही लावा हो," धाकटी घाईघाईने म्हणाली.

दोन हातांवर पीस अर्धं आलं. चार हातांवरही अर्धंच.

"तीच चूक, नुसती लवकर झाली," मोठी म्हणाली.

स्क्रूभाऊ फडक्याने हात पुसत राहिला. "सगळं बदलून झालं. आता बदलायचं राहिलं एकच." त्याची नजर खुर्चीकडे गेली आणि भाजल्यासारखी मागे आली. "म्हणजे... माउस."

माउस बदलला. पीस अर्धंच.

"धाकट्या वहिनी, तुम्ही बसा बघू जरा," तो कुणाकडेही न बघता म्हणाला.

मोठी उठली. धाकटी बसली. पडद्याच्या डाव्या कडेला तिसरं पीस लख्ख दिसत होतं, लहान पोरानेही गिरवलं असतं. तिचा हात अर्ध्यापर्यंत गेला. मागे मोठीचा श्वास ऐकू येत होता. धाकटीने माउस मध्येच वळवला.

मशीन थांबलं. पीस अर्धं.

"बघा!" ती नको तितक्या मोठ्याने म्हणाली. "माझ्या हातूनही तेच! कॉम्प्युटरच मेला दळभद्री."

स्क्रूभाऊने मान खाली घातली. मोठीने कापड उचललं, पण डोळ्यांपाशी नेलं नाही. डाव्या पंखावरून अंगठा फिरवला, मग आपल्या कापडावरून, मग पुन्हा धाकटीच्या.

"माझं पीस मध्येच तुटतं," ती म्हणाली. "कड उघडीच राहते. तू कड बंद केलीस."

"ताई, ते आपोआप..."

"आपोआप काही होत नाही गं त्याच्यात. इतकी वर्षं बसले मी. चुकणाऱ्याला आपण कुठे चुकतोय ते ठाऊक नसतं, तो कड कशाला बंद करेल?"

धाकटीचे डोळे भरले. ती खुर्चीतून उठायला लागली, तर मोठीने तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं.

"उठू नकोस. पीस पुरं काढ. मला डाव्या बाजूचं दिसत नाही."