वहिनींची राहिलेली फेरी

मी फुगा बोलतोय. वाढदिवसाला दारावर टांगतात तो नव्हे हो! सहा मजली घराएवढा उंच, पोटात गरम हवा भरून माणसांना आभाळात नेणारा. म्हणजे नेत होतो. आता नेणार नाही, म्हणून तर बोलायला वेळ मिळालाय.

माझा जन्म एका बैठकीच्या खोलीत झाला. तिथलं सगळं सामान बाहेर काढून वहिनींनी शिवणयंत्र मांडलं आणि आठ महिने पिवळ्या कापडाच्या पट्ट्या जोडल्या, प्रत्येक शिवण दुहेरी. त्यांचे यजमान फुगा चालवतात. त्यांना सगळे कप्तान म्हणतात आणि यांना वहिनी. सुई ओवता ओवता वहिनींनी बजावलं होतं, "पहिल्या फेरीत मी बसणार हं!"

पण फुगा उभा करणं म्हणजे खायचं काम नाही. आधी पंख्याने गार हवा भरायची, मग ज्योत लावायची. मी उठू लागलो की माझ्या टाळूला बांधलेला दोर खालून कुणीतरी ताणून धरावा लागतो. पहिल्या दिवशी तो वहिनींच्या भावाने धरला. मी त्याला फरपटत नेलं आणि कुंपणावर आपटलो. "दे इकडे," म्हणत वहिनी माझ्याखालच्या माणसांच्या टोपलीतून उतरल्या. त्यांच्या हातात मी गुमान उभा राहिलो. तिथेच माझं चुकलं.

तेव्हापासून दोर त्यांच्याकडेच. मी वर गेलो की त्यांनी गाडी काढायची आणि मी उतरेन तिथे मला न्यायला यायचं. कप्तान दर वेळी म्हणायचे, "पुढच्या खेपेला तू नक्की." ही पुढची खेप चौदा वर्षं चालली. नवी जोडपी वर गेली, आजोबा गेले, एक बाई तर सबंध फेरीभर डोळे घट्ट मिटून होत्या!

काल फुग्यांच्या महोत्सवात नेहमीसारखी गर्दी होती. लोक अगदी जवळ येतात, मला हात लावून बघतात, माझ्या तोंडात डोकं घालून हाका मारतात. एका आजींनी वहिनींना विचारलं, "वरून कसं दिसतं गं?"

"आधी खालचे आवाज सुटतात, आजी. कुत्र्याचं भुंकणं तेवढं ऐकू येतं. वारा लागतच नाही, आपणच वाऱ्याबरोबर चाललेलो असतो ना!"

हे सगळं कप्तानांनी जेवताना सांगितलेलं. ते शेजारीच उभे होते. त्यांची मान खाली गेली.

"उद्या सकाळी तू बस," ते म्हणाले. "चालवायला मित्राला सांगतो. दोर मी धरतो."

"खरंच?" म्हणत वहिनी लगेच स्वेटर शोधायला लागल्या.

दुपारी तपासनीस आले. दरवर्षी येतात. माझं कापड चिमट्यात धरून स्प्रिंगच्या ताणकाट्याने ओढतात आणि किती ताण सोसतंय ते बघतात. टाळूजवळ ते टरकन फाटलं.

"शिवण पक्की आहे, पण कापड भाजून भाजून संपलंय. हा आता उडवायचा नाही."

दर फेरीला मी थोडा थोडा जळत होतो. वहिनींच्या वाटणीचं कापडही मी परक्यांवर खर्च करून बसलो.

"आमच्या फुग्यात या ना, वहिनी," दुसरे फुगेवाले म्हणाले.

"नको हो. मला हाच हवा होता."

आज सकाळी बाकीचे फुगे वर गेले. मला जमिनीवर आडवं ठेवून नुसती गार हवा भरली, लोकांना आतून बघायला. गर्दी ओसरल्यावर वहिनी आत आल्या, मागोमाग कप्तान.

"अहो, वरून मी दिसायचे का?"

"दिसायचीस की."

"कुठवर?"

कप्तानांनी माझी एक शिवण बोटाने चाचपली. मग म्हणाले, "मी बघायचं विसरायचो गं."



"चल, पंखा बंद करतोय," म्हणून कप्तान बाहेर गेले. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. पंखा थांबलाय. मी हळूहळू खाली बसतोय.

वहिनी, एवढ्या माणसांना उचललं, तुम्हाला उचलायचं राहिलं. माफ करा. आणि जरा बाजूला व्हा, मी तुमच्या अंगावर येतोय.