पेटीपाशी टिटवी

मे महिना लागला आणि दीपा डोक्यावर नवऱ्याचं जुनं हेल्मेट घालून परसात जायला लागली. शेजारच्या बायका आधी हसल्या. मग कारण कळलं तेव्हा त्यांनी आपली पोरं तिकडे पाठवणं बंद केलं.

परसाच्या मधोमध चार पायांवर एक पांढरी लाकडी पेटी उभी होती. चारी बाजूंना झडपा, म्हणजे वारा आत खेळावा पण ऊन शिरू नये. आत थर्मामीटर. रोज भर दुपारी दीपा शिलाई मशीनवरून उठायची, पेटीचं दार उघडून आकडा वाचायची आणि 'हवापाणी' नावाच्या ग्रुपवर टाकायची. जिल्ह्यातले वीसेक हौशी लोक त्या ग्रुपवर होते. कुणी दुकानदार, कुणी शिक्षक, कुणी दूधवाले. हवामान हा त्यांच्यापैकी कुणाचाच धंदा नव्हता. पण एकदा आकड्यांची सवय लागली की माणसाला ऊन नुसतं सोसवत नाही, ते मोजावंसं वाटतं.

त्यात अडचणी काय कमी होत्या? हिवरे बाजारच्या बन्सीभाऊंच्या पर्जन्यमापकाचं नरसाळं माकडांनी पळवलं होतं. राहात्याच्या रेश्माताईंच्या पेटीत गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. दीपाच्या वाट्याला टिटवी आली.

पेटीखाली पावसाळ्यात चिखल व्हायचा, म्हणून दीपाने दिवाळीनंतर तिथे आणि भोवती काळी खडी पसरून घेतली होती. त्या खडीतच, पेटीपासून चार पावलांवर, टिटवीने चार अंडी घातली. घरटं असं काही नव्हतंच. खडीत जरासा खळगा, आणि त्यात खडीसारखीच ठिपक्यांची अंडी. परसाचं दार करकरलं की नर-मादी दोघं उठायची आणि सरळ डोक्यावर झेप घ्यायची. ओरडणं तर असं की कानाला दडे बसावेत. माणूस आलं तरी ओरडायची, मांजर आलं तरी, नुसती घार वरून गेली तरी.

"तिला हात लावायचा न्हाई," सासूबाई भामाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "टिटवीची अंडी ज्यानं हलावली त्याच्या घराला सुख लागत न्हाई."

"आई, मी कशाला हलवतेय? मला फक्त आकडा वाचायचाय."

"मंग वाच की. हेल्मेट हाय ना."

दीपाचं भागत होतं. संदीपचं भागत नव्हतं. तो नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर होता आणि महिनाभर त्याची रात्रपाळी चालू होती. सकाळी घरी यायचा, भाकरी खायचा आणि मागच्या खोलीत आडवा व्हायचा. त्या खोलीची खिडकी परसात उघडत होती. खिडकी लावली तर खोलीची भट्टी व्हायची, उघडली तर टिटवी. लाईट गेली की पंखाही बंद. डोळा लागतो न लागतो तोच बाहेर कुत्रं फिरकायचं आणि टिव-टिव-टिव सुरू. त्याने कानात कापूस घालून पाहिला, पुढच्या खोलीत चटई टाकून पाहिली. तिथे भामाबाईंच्या ओळखीच्या बायका यायच्या आणि मशीनचा खडखडाट असायचा. दुपारपर्यंत तो चार वेळा उठून पाणी प्यायचा. डोळे लाल, बोलणं तुटक.

दीपालाही स्वस्थता नव्हती, पण तिचं कारण वेगळं होतं. ग्रुपवर रोज चढाओढ लागली होती. आज सगळ्यात जास्त कुणाकडे? आठवडाभर तो मान तिच्याकडेच होता. त्रेचाळीस, साडेत्रेचाळीस, मग एके दिवशी पंचेचाळीसला टेकलं. लोक हात जोडल्याची चित्रं पाठवत होते. 'नागापूर म्हणजे तवाच,' बन्सीभाऊंनी लिहिलं. दीपा ते पुन्हा पुन्हा वाचत होती. ब्लाउजच्या बाह्या उलट्या शिवल्या गेल्या, तरी फोन हातातून सुटेना.

त्याच संध्याकाळी रेश्माताईंचा फोन आला. त्यांची राहात्याला रोपवाटिका होती आणि ग्रुप त्यांनीच सुरू केला होता.

"दीपा, रागावू नकोस. सावेडीतल्या दोघांचे आकडे तुझ्यापेक्षा दोन-अडीच अंशांनी कमी आहेत. एवढ्याशा अंतरात एवढा फरक पडतो का गं?"

"इकडे कारखाने आहेत ना, ताई. झाडं कमी."

"असेल. तरी पेटीच्या आसपास एकदा बघ. भिंत, पत्रा, काही तापतंय का."

"पेटीच्या आसपास टिटवी आहे," दीपा म्हणाली. "जाऊन बघू देते कुठे?"

फोन ठेवल्यावर तिला राग आला. रेश्माताईंच्या पेटीत गांधीलमाश्या, त्यांना स्वतःचा आकडा धड वाचता येत नव्हता, आणि शंका मात्र इतरांवर. पण राग आला तरी शंका जाईना. रात्री कूस बदलताना तीच, सकाळी पीठ मळताना तीच.

दुसऱ्या दिवशी संदीप नेहमीपेक्षा उशिरा घरी आला. चप्पल न काढता दारातच बसला.

"काय झालं?" दीपाने विचारलं.

"काही नाही."

"मग असे का बसलात?"

त्याने आपला उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाला, "पहाटे डुलकी लागली. उभ्या उभ्या. हात प्रेसखालीच होता. शेजारच्या मशीनवर राम होता म्हणून वाचलो. त्यानं कोपराला धरून ओढलं."

भामाबाई चुलीपाशी होत्या. त्यांच्या हातातली फुंकणी तशीच राहिली.

"साहेबांनी घरी पाठवलं. म्हणाले झोप काढून ये, नाहीतर येऊ नको." तो उठला. "आता ती अंडी मी मोकळ्या प्लॉटवर नेऊन टाकतो. कुणी काही बोलायचं नाही."

कोपऱ्यातलं फावडं उचलून तो परसात गेला. भामाबाईंनी दीपाकडे पाहिलं. दीपा काहीतरी म्हणेल, अडवेल, असं त्यांना वाटलं असावं. दीपाने अडवलं नाही. नवऱ्याचा हात तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता, हे खरं. पण मनाच्या एका कोपऱ्यात तिला हेही वाटून गेलं की बरं होईल, पेटीची वाट मोकळी होईल. ते वाटलं आणि तिचं तिलाच बरं वाटलं नाही. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

ऊन वर आलं होतं. संदीप खडीवर पोचला तरी ओरडणं ऐकू आलं नाही. मादी उडाली नाही. ती अंड्यांवर बसलेलीही नव्हती. पाय ताठ करून, पंख सैल सोडून, अंड्यांवर सावली धरून उभी होती. चोच उघडी, गळा धापेने हलत होता. संदीप दोन पावलं पुढे गेला. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि तशीच उभी राहिली.

तेवढ्यात कुंपणावरून नर आला. गल्लीतल्या गळक्या व्हॉल्व्हपाशी डबकं साचायचं, तिथून आला असावा. त्याच्या पोटाची पिसं भिजून निथळत होती. मादी बाजूला झाली आणि नर तसाच ओला अंड्यांवर बसला.

संदीप फावड्यावर हात टेकून उभा राहिला. मग वाकून त्याने खडीला तळहात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

घरात येऊन त्याने फावडं भिंतीला टेकवलं. "पाणी आणतोय तो," तो म्हणाला. "पोटाला लावून." मग तळहात चोळत, "ती खडी हात ठेवू देत नाही. चपलेतून चटका बसतो. तुझ्या पेटीला काही होत नाही का त्यानं?"

दीपाने त्याच्याकडे पाहिलं. मग खिडकीतून पेटीखालच्या काळ्या खडीकडे पाहिलं.

संदीपने पिशवीत लुंगी आणि टॉवेल टाकला. बोल्हेगावला त्याच्या बहिणीचं, राहीबाईचं घर होतं. खालच्या मजल्यावरची गार खोली, मागे परस नाही, दुसरी इमारत. "महिना संपेपर्यंत दिवसा तिकडेच झोपतो," तो म्हणाला आणि निघाला.

त्या दुपारी दीपाने कपाटातून जुना थर्मामीटर काढला. भाजीच्या मोकळ्या वाफ्यात तीन काठ्या रोवल्या, वर पुठ्ठ्याची दोन छपरं थोडं अंतर ठेवून बांधली आणि खाली तो टांगला. मग हेल्मेट घालून पेटीतला आकडा वाचून आली. तो वाफ्यातल्यापेक्षा दोन अंशांहून जास्त होता. तिला वाटलं, थर्मामीटरच जुना आहे. दोन्ही घरात आणून पाण्याच्या बादलीत शेजारी शेजारी धरले. दोघांनी एकच आकडा दाखवला.

ती मशीनवर बसली, उठली, पुन्हा बसली. पंचेचाळीस तिचं नव्हतंच. ते खडीचं होतं.

"काय गं, भुई पोळल्यावानी काय फिरती?" भामाबाई म्हणाल्या.

"आई, मी सगळ्यांना चुकीचं सांगत होते."

"मंग बरोबर सांग."

"पेटीचे पाय रोवलेले आहेत, ती हलणार नाही. खडीच काढायला पाहिजे त्याआधी. आणि खडीत अंडी आहेत."

"मंग थांब," भामाबाई म्हणाल्या, जणू त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

दीपाने रेश्माताईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "ग्रुपवर तू लिहितेस की मी लिहू?"

"मीच लिहिते."

तिने लिहिलं. खडी पसरल्यापासूनचे तिचे आकडे कुणी धरू नयेत, आणि पिल्लं निघेपर्यंत तिच्याकडून आकडा येणार नाही. एका शिक्षकांनी आदल्याच दिवशी तिचा पंचेचाळीस गावभर पाठवला होता, ते रागावले. बन्सीभाऊंनी लिहिलं, 'आकडा नंतर घेता यील. ऊन कुठं पळून चाललंय.' बाकीचे काहीच बोलले नाहीत आणि तेच दीपाला जास्त लागलं.

मग थांबणं सुरू झालं. उन्हाळा ऐन भरात, आणि तिला आकडा टाकता येत नव्हता; पुठ्ठ्याखालचा आकडा ग्रुपवर धरत नसत. दुपारची वेळ झाली की हात आपोआप हेल्मेटकडे जायचा. इतरांचे आकडे वाचून ती फोन उलटा ठेवायची. टिटव्या ओरडत होत्याच. आता तिला त्या ओरडण्यातला फरक कळायला लागला, कुत्र्यासाठीचं वेगळं, मुंगसासाठीचं वेगळं. मुंगसाचं ऐकू आलं की ती कात्री टाकून काठी घेऊन धावायची आणि टिटव्या मुंगसाला सोडून तिच्याच डोक्यावर झेपावायच्या.

एका दुपारी वारा पडला. पान हलेना. भामाबाई लुगड्याच्या पदराने वारा घेत म्हणाल्या, "आज काई खरं न्हाई." थोड्याच वेळात एमआयडीसीच्या बाजूने तांबडी भिंत चालत यावी तशी धूळ आली. दारं आपटली, दोरीवरचे कपडे उडाले. दीपा खिडकीला चिकटून उभी होती. धुळीतून कडाड आवाज आला, आणि वारा बसला तेव्हा पेटी आडवी पडलेली दिसली. दोन पाय मोडले होते, झडपा विखुरल्या होत्या.

ती अनवाणीच धावली. पेटीपाशी न जाता आधी खळग्यापाशी गेली. मादी अंड्यांवर दबून बसली होती, पाठीवर धूळ, डोळे मिटलेले. क्षणभर दीपाला ती मेली असं वाटलं. मग एक डोळा उघडला आणि टिटवी अशी किंचाळली की दीपा दोन पावलं मागे पडता पडता सावरली. पेटीची एक फळी खळग्याच्या कडेला येऊन पडली होती. फळीच्या टोकाखाली एक अंडं फुटलं होतं. तीन शाबूत होती.

मोडकी पेटी तिने उचलली नाही. तशीच पडू दिली.

महिना संपत आला तेव्हा एका सकाळी भामाबाईंनी तिला हाक मारली. खळग्यात कवचं होती आणि खडीवर तीन पिल्लं लुटुलुटू पळत होती, कापसाच्या बोळ्याला काड्यांचे पाय लावावेत तशी. मादी पुढे चालत थांबत होती, नर कुंपणावरून ओरडत होता. पिल्लं तारेखालून गल्लीत उतरली. पलीकडे मोकळा प्लॉट होता, गवत आणि डबकं. मध्ये रस्ता होता आणि रस्त्याने पाण्याचा टँकर येत होता.

संदीप त्याच वेळी कामावरून येत होता. बहिणीकडे जाण्याआधी तो रोज डबा ठेवायला घरी थांबायचा. त्याने गाडी रस्त्यात आडवी लावली आणि हात वर केला.

टँकरवाल्याने ब्रेक दाबला. "काय झालं, भाऊ?"

"दोन मिनिटं."

"अहो, पुढं तीन गल्ल्या राहिल्यात. बाया हंडे घेऊन उभ्या हायेत."

"उभ्या राहू द्या. मीबी उभाच आहे."

टँकरवाल्याने खिडकीतून वाकून पाहिलं. दोन पिल्लं पार झाली होती. तिसरं डांबराच्या मधोमध बसलं होतं, हलत नव्हतं. मादी परत फिरली आणि टँकरच्या चाकापुढे पंख पसरून उभी राहिली.

"आयला," टँकरवाला हळूच म्हणाला आणि इंजिन बंद केलं.

गल्लीतल्या बायका हंडे घेऊन जमल्या. कुणी म्हणालं उचला त्याला, कुणी म्हणालं हात नका लावू. दीपा कुंपणापाशी उभी होती, तारेला घट्ट धरून. पिल्लू उठलं, पुन्हा बसलं, मग एकदम सुटलं आणि गवतात शिरलं. मादी त्याच्यामागे गेली. नर टँकरवर एक घिरटी घालून, ओरडून, निघून गेला.

टँकर सुरू झाला. बायकांची नंबरावरून बाचाबाची लागली. संदीपने गाडी आत घेतली आणि दीपासमोर थांबला.

"एक तारखेपासून पहिली पाळी मिळतेय," तो म्हणाला. "आज इथंच झोपतो."

"झोपा," दीपा म्हणाली. तिची नजर अजून गवतावर होती. तिथे काही हलत होतं का ते नीट दिसत नव्हतं, आणि आकाशात एक घार खाली खाली येत होती. तिने चप्पल पायात सरकवली, काठी उचलली आणि ती रस्ता ओलांडून प्लॉटकडे चालू लागली.