दोन कोंबड्या पुरे

जावई हा शंभर वर्षं झाली तरी पाहुणाच, असं सोलगोलच्या डोंगराकडे म्हणतात. तो दारात दिसला की सासूने खुराड्याकडे वळायचं आणि कोंबडी कापायची. कोंबडा चालत नाही, अंडी घालणारीच हवी. ग्युतेला ही रीत ठाऊक नव्हती असं नाही; दर खेपेला दोन्ही तंगड्या त्याच्याच वाडग्यात पडत. फक्त त्या तंगड्यांचा आणि अंड्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नाही.

एरवी डोकं त्याचं फार चालायचं. तो तालुक्याच्या गावी कोंबडीखाद्याच्या दुकानात कामाला होता आणि पोती उचलता उचलता कोंबड्यांतलं सगळं आपल्याला कळतं, असा त्याचा समज झाला होता. गेल्या वर्षी भातलावणी आटोपल्यावर तो एकटाच सोलगोलला, सासुरवाडीला गेला. सासरे कधीच वारलेले, सासूबाई एकट्या राहायच्या. त्याच्यासाठी एक कापूनही अंगणात सात कोंबड्या चरत होत्या.

"आई, या घरात खाणारी माणसं किती?" तंगडी चोखत त्याने विचारलं.

"मी एकटीच की."

"रोज अंडं खाता?"

"छे हो! रोज अंडं खायला मी काय बाळंतीण आहे?"

"मग झालं तर! तुम्हाला एक कोंबडी पुरते. ती खुडूक बसली तर अडायला नको म्हणून दुसरी. दोन पुरे! बाकीच्या नुसता फुकटचा दाणा खातायत."

सासूबाई चुलीतली राख सारत राहिल्या. "तुम्ही म्हणाल तसं, जावईबापू."

जावयाचा शब्द मोडायचा नसतो. दुसऱ्या दिवशी ग्युतेने स्वतः पाच कोंबड्यांचे पाय बांधले, बाजारात नेऊन विकल्या, पैसे सासूबाईंच्या हातावर ठेवले आणि मोठा तीर मारल्याच्या थाटात घरी आला. बायकोला, ओकबुनला, त्याने सगळं रंगवून सांगितलं. ती मुळा चिरत राहिली.

त्यानंतर डब्यातलं अंडं गेलं. ग्युतेच्या आणि दोन्ही मुलांच्या डब्यात भातावर नेमाने एक तळलेलं अंडं असायचं, ते आधी दिवसाआड झालं, मग दिसेनासंच झालं. बायको हात आखडता घेते, असं त्याला वाटलं. सुगीच्या सणाला तो सासुरवाडीला गेला, कोंबडी खाऊन आला. नव्या वर्षाला गेला, पुन्हा खाऊन आला. वर "आई, रस्सा फक्कड झालाय" असं म्हणून आणखी एक वाडगा मागून घेतला.

वसंतात एका सकाळी डबा उघडून बघताना त्याचा पारा चढला.

"नुसता भात आणि किमची! या घरात अंड्यांचा दुष्काळ पडलाय का?"

"पडलाय," ओकबुन म्हणाली. "तुम्हीच पाडलात."

"मी?"

"इतकी वर्षं काय मी बाजारातून आणत होते? आई पेंढ्यात बांधून बसने पाठवायची. तुम्हाला कमीपणा वाटेल म्हणून बोलले नाही. ती स्वतः एकही खात नव्हती."

ग्युतेच्या हातात डब्याचं झाकण तसंच राहिलं. "पण... दोन ठेवल्या होत्या ना?"

"एक सुगीला खाल्लीत. एक नव्या वर्षाला."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो डबा त्याने नेला खरा, पण दुपारी उघडला नाही.

रविवारी ओळखीच्या एका कोंबडीवाल्याकडून सात चांगल्या तलंगा, म्हणजे वयात येऊ घातलेल्या कोंबड्या घेऊन, त्या डालग्यात घालून तो सोलगोलच्या बसमध्ये बसला. मागच्या बाजूने जायचं, कोंबड्या खुराड्यात सोडायच्या आणि कुणाला दिसायच्या आत परत फिरायचं, असं त्याने ठरवलं होतं. एक तर तोंड दाखवायची लाज वाटत होती. दुसरं म्हणजे तोंड दाखवलं की सातांतली एक मेलीच.

पण कोंबड्यांना कोण सांगणार? डालगं उघडताच एक तलंग सोयाबीनच्या रांजणावर चढली आणि तिने सगळं अंगण डोक्यावर घेतलं. सासूबाई बाहेर आल्या.

"अगंबाई, जावईबापू! आणि असे चोरासारखे मागून?" बोलता बोलता त्यांनी ती तलंग पकडलीसुद्धा. "बसा. पाणी उकळायला ठेवते."

"आई, नको! सोडा तिला!" त्याने दुसरीकडून तिचे पाय धरले.

"माझ्या दारातून उपाशी जाणार?"

"तिला कापू नका, पाया पडतो!"

"असं काय करता? मला दोन पुरतात, तुम्हीच म्हणाला होता ना? या तर सात दिसतायत. एक कापली तर कुठे बिघडलं?"

त्या टोमणा मारत नव्हत्या. जावयाने सांगितलेलं त्यांनी मनापासून लक्षात ठेवलं होतं. ग्युतेच्या हातातून कोंबडीचे पाय सुटले आणि तो तिथेच अंगणात गुडघ्यांवर बसला, कपाळ जमिनीला टेकवून.

"आई, मी चुकलो. तुमच्या घरात खाणारी माणसं किती, तेच मला मोजता आलं नाही. आम्ही चौघं त्यात होतो. मला खरंच माहीत नव्हतं हो!"

सासूबाई कोंबडी छातीशी धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी ती हळूच खाली सोडली आणि आत गेल्या.

थोड्या वेळाने त्यांनी त्याच्यापुढे जेवणाचं बुटकं मेज आणून ठेवलं. भात, सोयाबीनची आमटी, वाळवलेला मुळ्याचा पाला. अंडंसुद्धा नव्हतं, तलंगा अजून अंड्यावर आल्या नव्हत्या. ग्युते मान खाली घालून जेवू लागला. सासूबाई दाराकडे तोंड करून बसल्या होत्या, त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्यांचे कान लाल झाले होते.

"जावईबापू," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "एक ऐकाल माझं? मी तुम्हाला मुळ्याच्या पाल्यावर जेवू घातलं, हे गावात कुणाला कळू देऊ नका. मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."