ओव्हिलाचा उजवा हात

साचेखात्यात तीनशे माग एकदम धडधडायचे. तिथे शब्द ऐकू येत नाहीत, समोरच्याचे ओठ वाचावे लागतात. गिरणीच्या बेसबॉल संघात माझी जागा पक्की होती ती या विद्येमुळेच. मी कॅचर. फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून समोरच्या संघाच्या बाकावर शिजणारे बेत वाचायचो आणि चेंडू टाकणाऱ्या आमच्या पिचरला खुणा करायचो. लबाडीच ती, पण लाज कधी वाटली नाही.

पिचर म्हणजे ओव्हिला जेर्व्हे, माझ्यासारखाच क्वेबेकहून आलेला. तो कापूस पिंजायच्या कार्डिंगखात्यात होता. कापसाच्या धुळीनं तिशीतच त्याला म्हाताऱ्यासारखी ढास लागायची. सुपरिंटेंडंट क्रॉफर्डसाहेबांनी त्याला शब्द दिला होता, यंदा गिरण्यांच्या सामन्यांचा चषक आणलास तर कापडाच्या घड्या घालायच्या फोल्डिंगखात्यात घेतो. तिथे खिडक्या होत्या आणि धूळ नव्हती. अंतिम सामन्याच्या सकाळीच शेजारगावच्या बुटांच्या कारखान्याचा माणूसही त्याला विचारून गेला. त्यांना पिचर हवा होता, काम उघड्या आवारातलं. पाचच्या गाडीनं निघायचं, नाहीतर ते दुसऱ्याला घेणार.

"साहेबानं शब्द दिलाय," ओव्हिला मला म्हणाला. "आणि तुम्हाला सोडून कुठं जाऊ रे?"

सातव्या डावात त्याचा खांदा दुखावला. आम्ही एका धावेनं पुढे होतो, दोन डाव उरले होते. मी सहज मंडपाकडे पाहिलं. क्रॉफर्डसाहेब जॉबरशी, म्हणजे खात्याच्या मुकादमाशी, बोलत होते. ओठ मला लख्ख दिसले: "सोमवारी नवा पिचर येतोय. फोल्डिंगची जागा त्याला द्या. हा राहू दे कार्डिंगलाच."

गाडीला अजून तासभर होता.

ओव्हिला जवळ आला. "काय म्हणतोय रे साहेब? माझंच चाललंय ना?"

आमच्याकडे दुसरा पिचर नव्हता. नऊ वर्षं मी त्या गिरणीत खपलो होतो, आणि चषक कधी हाताला लागला नव्हता. मला तो हवा होता. दुसरं काही कारण सांगितलं तर ते खोटं ठरेल.

"तुझंच," मी म्हणालो. "जाम खूश आहे. टाक लेका!"

"मग हात तुटला तरी बेहत्तर," तो हसला.

त्यानं दोन्ही डाव टाकले. शेवटी शेवटी प्रत्येक चेंडूबरोबर तो कण्हायचा, ते मला ऐकू यायचं. आम्ही जिंकलो. पाचची गाडी गेली तेव्हा आम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचत होतो.

सोमवारी तो धुतलेला सदरा घालून फोल्डिंगखात्याच्या दारात दोन तास उभा राहिला. मग जॉबरनं त्याला कार्डिंगला पिटाळलं.

जेवणाच्या सुट्टीत तो मला शोधत आला. उजवा हात नुसता लोंबत होता. याला सगळं कळलं, असंच मला वाटलं.

"माझंच चुकलं, अदेलार," तो म्हणाला. "हात घालवून बसलो. तिकडं कापडाचे गठ्ठे उचलावे लागतात, साहेब तरी काय करणार? पुढच्या वर्षी तुमचीही पंचाईत होणार माझ्यापायी. माफ कर गड्या."

"माफी कसली रे त्यात," मी म्हणालो.

त्यानंतर तो दोन हिवाळे जगला. मी रोज संध्याकाळी त्याच्याकडे जायचो. त्याची बायको मला वाटाण्याचं सूप वाढायची, आणि तो खोकत खोकत येईल त्याला सांगायचा, "हा अदेलार मागं बसला होता, म्हणून जिंकलो." मी मान खाली घालून सूप संपवायचो.