प्रार्थना चालू असताना

एकोणीसशे ब्याऐंशी साल होते. मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे, पण तेव्हा माझा रंग नुकता वाळला होता. एका सायकल दुरुस्त करणाऱ्याने मला बनवले. चाके सायकलची, बैठक जाड कापडाची आणि बाजूला एक लोखंडी ब्रेक. "हा लावायला विसरलात, तर ही खुर्ची कुणाची नाही," असे त्याने बजावले होते.

माझ्यात सहा वर्षांची चिमणी बसायची. तिला चालता येत नसे आणि तिचे शब्द सावकाश येत. सुट्टीच्या दिवशी प्रार्थनाघरामागे धर्मवर्ग भरे. तिथे मोठी मुले अशा एकेका लेकराला सांभाळत. चिमणीच्या वाट्याला पंधरा वर्षांची ताई आली होती. पुस्तकाचे पान उलटणे, तोंड पुसणे, मला ढकलणे ही तिची कामे. पोरे तिला 'ड्रायव्हरताई' म्हणून चिडवत. ती म्हणे, "हसा हसा. तुम्हाला नाही बसवणार."

एके दिवशी फार उकडत होते, म्हणून बाईंनी वर्ग बाहेर ओट्यावर घेतला. ओट्यावरून थेट रस्त्यापर्यंत सिमेंटचा उतार होता आणि रस्त्याने मालाचे ट्रक जात. वर्गाचा नियम असा, की प्रार्थनेत हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि अवाक्षर काढायचे नाही. ताईने हात जोडले. म्हणजे मला सोडले. ब्रेक लावायचा राहिला.

मी हलले. आधी बोटभर, मग वीतभर. स्वतःच्याच चाकांची एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. मला थांबता येईना, हाक मारता येईना. वर मुले डोळे मिटून मनात प्रार्थना करत होती, आणि चिमणीची बोटे माझ्या दांड्यांत रुतत होती. तिचे काळीज धडधडत होते, ते मला पाठीत कळत होते. पण ती ओरडली नाही.

माझ्या उजव्या चाकाची कुरकुर ताईच्या ओळखीची होती. तिने डोळे उघडले आणि ती धावली. रस्ता हातभर उरला असताना तिने मला मागून धरले आणि ती गुडघ्यांवर आपटली. समोरून ट्रक गेला. त्याची धूळ आम्हा तिघींवर बसली.

"ओरडली का नाहीस गं?" ताईने विचारले.

"प्रार्थना... चालू होती," चिमणी म्हणाली.

चिमणीची आई आली, ती पांढरीफटक. "आता नाही पाठवायची मी हिला. घरात निदान जिवंत तरी राहील."

चिमणी मला सोडेना. ताई मान खाली घालून म्हणाली, "काकू, मला काढा. तिला नका काढू."

"उताराच्या तोंडाशी मीच बसवलं," बाई हळूच म्हणाल्या.

आई ताईच्या सोललेल्या गुडघ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ही प्रार्थनेत डोळे उघडे ठेवणार असेल, तर पाठवते."

"ठेवेल," बाई म्हणाल्या. "देवाला चालेल."

बाई आता नाहीत. आईने त्या ओट्याला कठडा बांधून घेतला, मगच तिला झोप लागली. ताई नर्स झाली. चिमणी छापखान्यात मजकूर तपासते. सावकाश बोलते, पण समोरच्याला थांबवून बोलते. मी अडगळीत आहे. कुणी मला जरा सरकवले, तरी मला आधी उतार दिसतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या खुर्चीच्या ब्रेकला तेल घालत जा. आणि लहानांना गप्प बसायला शिकवाल, तेव्हा हेही शिकवा, की भीती वाटली तर प्रार्थनेतसुद्धा ओरडायचे.